तोरणाखालची घोडी

शर्यतीतून काढून टाकलेला घोडा बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांचा असतो. म्हणजे माणसाच्या मापाने ऐन तारुण्यात. पुढे पंधरा-वीस वर्षं तो जगणार असतो, आणि त्या वर्षांचं काय करायचं याचा विचार रेसकोर्सवर फारसा कोणी केलेला नसतो. घराणं चांगलं असेल तर पैदाशीसाठी जातो. बाकीचे वरातीत जातात, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवर घेऊन हिंडतात, आणि काही कुठे जातात ते विचारू नये. मी विचारायचे. त्यामुळे तिथे मला कोणी फार आवडीने चहा पाजत नसे.

मी बँकेत होते. संगणक आले, मागोमाग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि आमची अर्धी शाखा हार-तुरे घेऊन घरी बसली. घरी बसणं मला कधी जमलेलं नाही. कॉलेजात असताना कॅम्पात घोड्यावर बसायला शिकले होते, तेवढ्या भांडवलावर मी हे नवं काम सुरू केलं. नको झालेला घोडा आणायचा, वर्षभर सांभाळायचा, शर्यत सोडून बाकीचं जग त्याला शिकवायचं आणि चांगलं घर बघून द्यायचा. शनिवार पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे कळलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर रोज सकाळी जिन्यात विचारायचे, "काय, आज कोणाची स्थळं बघायला निघालात?" मी म्हणायचे, "तुमचं सुचवू का?" एवढ्यावर आमचा दिवस सुरू व्हायचा.

जागा मिळाली ती हिंजवडीच्या अलीकडच्या एका गावात. तेव्हा तिथे काचेच्या इमारती नुकत्या उठायला लागल्या होत्या. कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या सकाळी ऊस आणि भाताच्या मधून जायच्या आणि आत बसलेली मुलं गळ्यातल्या ओळखपत्रांसकट झोपलेली असायची. जागेच्या मालकांना सगळं गाव मामा म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांची बरीचशी जमीन बिल्डरकडे गेली होती, उरलेला तुकडा आणि गोठा दिवाळीनंतर त्याच्या ताब्यात द्यायचा होता. शेतच नाही तर बैल कशाला, म्हणून त्यांच्या मुलांनी बैल विकले होते आणि दारात मोठी गाडी आणून उभी केली होती. ट्रॅक्टर तेवढा राहिला होता. मामा रोज सकाळी सवयीने उठून गोठ्यात जायचे आणि तिथल्या दगडावर नुसते बसायचे.

"तुमची घोडी बांधा हितं," ते पहिल्या भेटीत म्हणाले. "भाडं न्हाई पायजे. रिकामा गोठा डोळ्याम्होरं ठिवनं बरं न्हाई."

ते ज्या घोडीबद्दल बोलत होते तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. तांबूस रंगाची, उंच, कपाळावर पांढरा ठिपका. पुढच्या डाव्या पायाची मागची शीर पळताना दुखावली आणि तिचं शर्यतीचं आयुष्य संपलं. घराणं यथातथाच, त्यामुळे पैदाशीसाठीही कोणाला नको होती. पाय विश्रांतीने बरा झाला, मऊ मैदानावर थोडंफार पळण्याइतपत धडही झाला, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की दगडधोंड्यांत आणि चढ-उतारांवर हिला रोज राबवलं तर हा पाय पुन्हा जाईल, आणि मग काही करता येणार नाही.

शर्यतीच्या घोड्याला काय काय येत नसतं, याची लोकांना कल्पना नसते. त्याला चरता येत नाही. त्याला एकटं राहता येत नाही. त्याने शेळी पाहिलेली नसते. लगाम ओढला की सगळे घोडे थांबतात, हा जोरात पळतो, कारण जॉकीने लगाम ताणून धरला की पळायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. माझ्याकडे आल्यावर पहिले काही महिने मी घोड्याला काहीच शिकवत नसे. त्याला कंटाळायला शिकू द्यायचे. ही घोडी कंटाळ्यापर्यंत लवकर पोचली. चरायला लागली, शेळ्यांशी जमवून घेतलं, पाठीवर बसायला माणूस आला की दगडासारखी उभी राहू लागली. एकच गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. आपल्या बाजूने काहीही पळालेलं तिला चालायचं नाही. वासरू पळालं, कुत्रं पळालं, की तिचे कान मागे जायचे आणि ती त्याच्या पुढे गेल्याशिवाय थांबायची नाही. एकदा कंपनीच्या बसबरोबर कुंपणाकडेने अशी सुटली, की बसमधली झोपलेली मुलं जागी होऊन खिडक्यांना चिकटली.

अशा घोडीला घर कोण देणार? दोन ठिकाणांहून लोक येऊन बघून गेले आणि नंतर त्यांचे फोन आले नाहीत. एक माणूस मात्र पुन्हा पुन्हा यायचा. थंड हवेच्या ठिकाणी त्याचे भाड्याचे घोडे होते. तो घोडीच्या पायाकडे बघायचाच नाही, माझ्याकडे बघून म्हणायचा, "बाई, दिवाळीनंतर तुम्ही हिला ठेवणार कुठे? मी थांबतो." त्याचं बरोबर होतं. दिवाळीनंतर माझ्याकडे जागा नव्हती. आणि त्या डोंगरातल्या दगडी वाटांवर हिचा पाय किती टिकला असता, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून मी तिला नवी सवय लावायचं ठरवलं. बाजूने काही पळालं की डोकं खाली घालायचं, नाक जमिनीला लावायचं आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही. घोड्याचं डोकं खाली गेलं की त्याचं मनही निवतं, हे मी कुठेतरी शिकले होते. पण शिकवायला बाजूने काहीतरी पळायला हवं, आणि तेही रोज. मामांनी ते अंगावर घेतलं. रोज सकाळी ते ट्रॅक्टर काढायचे. मी घोडीला दोरीने धरून कुंपणाच्या आत उभी. आधी ट्रॅक्टर रांगत जायचा, मग जरा जोरात, मग मामा सगळा जोर लावून तो दामटायचे. मी म्हणायचे, "हळूऽऽ." घोडी थरथरायची, ओढायची, मला दोनदा तिने चिखलात फरफटत नेलं. शेवटी शेवटी ट्रॅक्टरचा आवाज आला, की मी काही म्हणायच्या आत तिचं नाक गवताला लागायचं. मामा ट्रॅक्टर थांबवून खाली उतरायचे, तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवायचे. "लेकीला समजतंया," म्हणायचे. ट्रॅक्टरला इतकं मोलाचं काम त्या वर्षी दुसरं नव्हतं, आणि मामांनाही नव्हतं.

मग एक घर आलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हडपसरच्या बाजूला, विशेष मुलांची एक शाळा होती. काही मुलांना घोड्यावर बसवून हळूहळू फिरवलं की त्यांचं शरीर सैल पडतं, तोल सुधारतो. मुख्याध्यापिकांना अशी एक घोडी हवी होती. मोठं गवताचं मैदान होतं, स्वतंत्र तबेला बांधलेला होता. बाई आल्या, घोडीला बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ही इथे शांत आहे हे दिसतंच आहे. इथे मीसुद्धा शांत आहे. माझी मुलं ओरडतात, पळतात, अंगावर येऊन पडतात. त्या गोंधळात ही काय करते, ते मला दाखवा. मग बोलू."

मी त्यांना काय दाखवणार होते? गोंधळ भाड्याने मिळत नाही. तेवढ्यात मामा आले.

आमच्या त्या भागात बैलपोळा भाद्रपदात, अमावास्येला असतो. गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधतात. सगळ्या गावचे सजवलेले बैल त्याच्यामागे उभे राहतात. सगळ्यांत पुढे मानाचं जनावर. तोरण तुटलं की मानाचं जनावर पुढे आणि बाकीचे त्याच्यामागे मारुतीच्या देवळाकडे धावत सुटतात. तो पुढचा मान मामांच्या घराचा होता, त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून. आणि यंदा मामांच्या दावणीला बैल नव्हता.

"लोक म्हंत्यात ट्रॅक्टर आना," मामा म्हणाले. "मान ट्रॅक्टरला द्यायचा व्हय? ताई, घोडी द्या. एका दिसापुरती."

मी म्हटलं, "मामा, आडवी दोरी, मागे गर्दी, आरडाओरडा आणि दोरी तुटली की पळायचं. तिच्या दृष्टीने ही शर्यतच की हो. वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल."

मामा गेले नाहीत. नुसते उभे राहिले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, कधी कोणाकडे काही मागितलं नसेल. शेवटी मीच म्हणाले, की पुढे नाही, सगळ्यांच्या मागे उभी करा. सगळे पळून गेले की तिला सावकाश चालवत न्या. ते कबूल झाले. मी मुख्याध्यापिकांना फोन केला आणि गोंधळ बघायला पोळ्याला या म्हणून सांगितलं.

आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, कारण वर्षभर जू तिथे असतं. मामा वाटी घेऊन आले आणि घोडीच्या खांद्याशी अडखळले. तिच्या खांद्यावर कधी काही ठेवलंच नव्हतं. मग त्यांनी खोगीर जिथे येतं ती पाठ चोळली, आणि शेवटी खाली बसून तो दुखावलेला पायही चोळला. मामी दारातून बघत होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "बैल गेल्यापासून नीट जेवलं न्हाईत. आज जेवत्यात का बगा."

पोळ्याच्या दिवशी वेशीत उभं राहायला जागा नव्हती. बैल होते, पण पूर्वीच्या निम्मेही नसतील. त्यांच्यामागे ट्रॅक्टर उभे होते, बोनेटला हार घातलेले, शिंगांच्या जागी फुगे बांधलेले. ढोल, हलगी, लाउडस्पीकर. मारुतीच्या बाजूच्या ओट्यावर मुख्याध्यापिका पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. आम्ही घोडीला मागून आणलं. अंगावर मामांच्या बैलाची झूल होती, जरा आखूड पडत होती. आम्ही मागेच थांबलो असतो, पण पुढचे चार-दोन जाणते लोक वळून आले.

"मामा, म्होरं या. तुमचं जनावर म्होरं आल्याबिगर तोरन तुटायचं न्हाई."

"मागंच बरंय," मामा म्हणाले.

"मागं कसं? मान हाय तुमचा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं त्याला मी नाही म्हणू शकले नाही. लोकांनीच वाट करून दिली. पाहता पाहता आम्ही तोरणाखाली होतो. डाव्या-उजव्या हाताला बैल, मागे ट्रॅक्टर, पुढे रिकामा रस्ता. घोडीने ते सगळं एका क्षणात ओळखलं. तिचे कान उभे राहिले, पाठ ताठ झाली, पुढचे पाय जमिनीवर नाचायला लागले. अंगावर घामाचा फेस आला. वर्षभरात मी तिला इतकी सुंदर पाहिली नव्हती. दोरी मामांच्या हातात होती, मी तिच्या तोंडाशी. लोकांनी हाळी दिली.

तोरण तुटलं. बैल उधळले. आणि त्याच क्षणी मागच्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांनी आपापली इंजिनं जोरात रेटली.

घोडीचे मागचे पाय उडी घ्यायला दबले होते. ट्रॅक्टरचा आवाज ऐकला आणि ती तिथेच थबकली. तिचं नाक खाली गेलं, थेट रस्त्यावरच्या धुळीला लागलं. दोन्ही बाजूंनी बैल तिला घासून पुढे गेले, त्यांच्यामागून ट्रॅक्टर गेले, फुगे फुटले. ती पानासारखी थरथरत होती, पण तिने पाऊल उचललं नाही.

"चल," मामा म्हणाले. "चल बाई. चल माजे आये." त्यांनी दोरी ओढली, तिच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमी सांगा तिला. तुमचं ऐकल ती."

मी जीभ टाळूला लावून एकदा आवाज केला असता तर ती सुटली असती. अजूनही सगळ्या बैलांना मागे टाकून ती पहिली पोचली असती. समोर ओट्यावर मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या होत्या आणि फक्त घोडीकडे बघत होत्या. मी मामांकडे पाहिलं नाही. मी गप्प राहिले. आज पुन्हा तसाच प्रसंग आला तरी मी गप्पच राहीन. 

मागून पोरं हसली. कोणीतरी ओरडलं, "रेसची घोडी म्हनं! म्हातारी म्हैस बरी!" गर्दी देवळाकडे निघून गेली आणि वेशीत आम्ही तिघंच राहिलो.

मुख्याध्यापिका धूळ चुकवत आल्या. "ही मला हवी," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला गाडी पाठवते." त्यांनी घोडीच्या ओल्या कपाळावरून हात फिरवला आणि मामांना म्हणाल्या, "फार छान शिकवलंय हो हिला." मामांनी त्यांना नमस्कार केला. 

नंतर ते घोडीला घेऊन देवळाकडे चालत गेले, ठरल्याप्रमाणे, सगळ्यांच्या मागून, सावकाश. दोन्ही बाजूंना लोक ओट्यांवर बसून बघत होते. मी मागे चालत होते. देवळाशी पोचल्यावर मी म्हटलं, "मामा, तिला घर मिळालं."

"मिळालं ना," ते म्हणाले. "लई चांगलं झालं. पर आमच्या घराचा मान तुमाला ठाव हुता, ताई. येक डाव पळू द्यायचं हुतं तिला."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. भांडले नाहीत, कटूही वागले नाहीत. मी गोठ्यात असले की ते शेताकडे जायचे, जिथे शेत उरलं नव्हतं. दसऱ्याला शाळेची गाडी आली. मामा गाडीपाशी आले, घोडीला स्वतः वर चढवली, फळी लावली आणि घरात गेले. दिवाळीनंतर जेसीबीने गोठा पाडला. पुढच्या घोड्यांसाठी मला लोणी काळभोरच्या बाजूला दुसरी जागा मिळाली. मामांना मुलांनी नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला, असं कानावर आलं. दोन-तीन वेळा फोन केला. मामी बोलायच्या, इकडचं-तिकडचं. ते कसे आहेत विचारलं की म्हणायच्या, "हायती. गॅलरीत बसत्यात."

पुढच्या भाद्रपदात अमावास्येला सकाळी मी घोड्यांना खरारा करत होते. मोबाइल वाजला. मुख्याध्यापिका होत्या.

"अहो, वॉचमन सांगतोय, फाटकापाशी एक गृहस्थ आलेत. धोतर, फेटा, हातात स्टीलचा डबा. बस बदलत बदलत आलेत म्हणे, हिंजवडीकडून. म्हणतायत, मी घोडीचा मालक आहे. कागदावर तर मालक म्हणून शाळेचं नाव आहे. काय करू?"

मी ब्रश खाली ठेवला. 

"तेच मालक आहेत," मी म्हटलं. "आत घ्या त्यांना. पोळा आहे आज."

त्यांनी फोन तसाच ठेवून कोणालातरी हाक मारली. फाटकाचा आवाज आला. बराच वेळ काही ऐकू येईना. मग त्या पुन्हा फोनवर आल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज जरा कमी खात्रीचा वाटला.

"डब्यातलं भरवलं त्यांनी तिला. ती नुसती त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवून उभी आहे. आता विचारतायत, एकदा मैदानात पळवू का म्हणून. मी काय सांगू?"

पायाचा विचार आला. वर्षभर लावलेल्या सवयीचा आला. वेशीतली धूळ आठवली.

"मुलं कुठे आहेत?"

"वर्गात. प्रार्थना चाललीय."

"मग दार लावून घ्या वर्गाचं," मी म्हटलं, "आणि त्यांना म्हणावं, दोरी काढा आणि हाळी द्या. पळू दे तिला."

त्या फोन हातात घेऊनच बाहेर गेल्या असाव्यात. वारा ऐकू आला, लांबून मुलांची प्रार्थना. मग मामांचा आवाज आला, वेशीत देतात तशी लांबलचक हाळी, सत्तरीच्या माणसाच्या छातीतून निघेल यावर विश्वास बसू नये अशी. आणि त्यामागून काहीच नाही. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता, की कान दुखायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं. "बाई, काय झालं?"

 त्या हळूच म्हणाल्या, "पळतेय हो."